गाव नमुना

पहिला प्रश्न मी विचारायचा, असा नियम होता. विचारला त्यांनी.

"तुमची संस्था एकरात लिहिते का हेक्टरात?"

मी प्रश्नावली चाळली. अठ्ठावीस पानांत याचं उत्तर कुठेच नव्हतं. "एकरात," मी ठोकून दिलं.

"मंग लिहा, पाच. मागच्या महिन्यात आल्ते त्याईच्या फॉर्मात हेक्टर होतं. दोन पॉइंट शून्य दोन. वावर थेच, पण हेक्टरात माणूस जास्त गरीब दिसते."

मे २००६. यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. मी बावीस वर्षांचा, पुण्याहून आलेला, रोजंदारीवरचा इन्व्हेस्टिगेटर. कापसाशी माझा संबंध तोवर अत्तराच्या बोळ्यापुरता होता. आणि कडुनिंबाखाली बाजेवर मांडी घालून बसलेले, पन्नाशी उलटलेले नानाजी. ते माझी मुलाखत घेत होते. माझी संस्था कोणती, पैसा कोणाचा, गावं किती, घरं कशी निवडली, अहवाल कोणाला जाणार. मी जमेल तशी उत्तरं दिली. ती ऐकून त्यांनी मान डोलावली आणि आत हाक मारली, "चहा टाक वं. सर्वे आला." पाऊस आला, पोस्टमन आला, तसा सर्वे आला.

ते सालच तसं होतं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची बातमी दिल्लीपर्यंत पोचली होती. टाटा समाजविज्ञान संस्थेचा अभ्यास २००५ मध्ये झाला होता, इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा अहवाल २००६ च्या आरंभी सरकारदरबारी गेला होता, आणि त्याच वर्षी सरकारने विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतल्या सतरा लाखांहून अधिक शेतकरी कुटुंबांची घरोघर पाहणी केली. जुलैच्या तोंडावर पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर करून गेले. यात विद्यापीठं, पीएचडीवाले, परदेशी पत्रकार आणि आमच्यासारख्या किरकोळ संस्था मिळवा. पेरणीला माणूस मिळेना, पण बांधावर मुलाखत घेणारे दोन-दोन उभे.

या सगळ्यांना नानाजीच कसे भेटत, याला शास्त्रीय कारण होतं. आम्हाला शिकवलेला नियम असा, की गावात शिरल्यावर उजव्या हाताने मोजायचं आणि पाचवं घर घ्यायचं, म्हणजे निवडीत आपली मर्जी येत नाही. बहुतेक संस्था हाच नियम शिकवत असाव्यात, कारण एसटीच्या थांब्यापासून उजव्या हाताने पाचवं घर नानाजींचं. एकदा अलीकडच्या घरात दोघा भावांनी वेगळी चूल मांडायचं ठरवलं. मधे भिंत घालायची, रस्त्याकडे दुसरं दार पाडायचं. म्हणजे नानाजी सहावे होणार. नानाजी ती वाटणी मोडायला गेले. रात्रभर बसून त्यांनी भावाभावांत समेट घडवून आणला. आजही ते भाऊ एकत्र आहेत. सामाजिक संशोधनाने गावाचं काय भलं केलं असं कोणी विचारलं, तर मी हे उदाहरण देतो.

वाढत्या वयात काही माणसं देवळात जातात, काही राजकारणात. नानाजी नमुन्यात गेले. आपल्याकडे नमुना हा शब्द फार कामाचा आहे. सातबारा म्हणजे तलाठ्याच्या दप्तरातला गाव नमुना सात आणि बारा. संशोधकाचा नमुना म्हणजे साऱ्या गावाच्या वतीने बोलायला निवडलेली चार घरं. तिसरा अर्थ गावातल्या पोरांच्या तोंडी होता. नानाजी पानठेल्याकडे येताना दिसले, की ती खर्रा घोटता घोटता म्हणत, "आला नमुना."

उत्तरं देण्याचं त्यांचं असं एक शास्त्र होतं. उत्पन्न विचारलं, की ते आधी विचारत, "कर्जाचा सर्वे हाय का विम्याचा?" यात लबाडी होती असं मला तेव्हा वाटलं. आता तितकं वाटत नाही. ज्याच्या घरात पैसा वर्षातून दोनदा येतो आणि आल्या पावली सावकाराकडे जातो, त्याला 'मासिक सरासरी उत्पन्न' विचारणं हाच मुळात विनोद आहे. नानाजी त्या विनोदाला साजेसं उत्तर देत, इतकंच. २००२ च्या दारिद्र्यरेषेच्या पाहणीचं गणित त्यांना तोंडपाठ होतं. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. "अशी परीक्षा पाह्यली नाई बाप्पा," ते म्हणत. "जो नापास होईल थो पास. आमच्या गावातला सारा हुशार माणूस नापास झाला. मास्तर तेवढा पास होऊन बसला." मास्तरांचं रेशनकार्ड त्यामुळे कायमचं केशरी राहिलं.

पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत: या पाच पायऱ्या मी वाचून दाखवल्या, तेव्हा ते तटस्थापाशी अडले. "गावात तटस्थ कोण असते, जी? एसटीचा कंडक्टर. थो बी खाली उतरला का कोण्या तरी पार्टीचा होते." मग त्यांनी आपलं माप काढलं. "लिहा, सहा आणे सहमत." त्यांच्या पिढीला ही आणेवारी पक्की समजते. पीक पन्नास पैशांच्या आत आलं की दुष्काळ, असा तेव्हाचा हिशोब. सहमतीचंही तसंच. आठ आण्यांच्या आत सहमती आली, की समजावं, माणूस 'नाही' म्हणतोय पण दारी आलेल्याला दुखवत नाहीये. माझ्या फॉर्मात सहा आण्यांना चौकट नव्हती. मी 'सहमत'वर खूण केली. अशा किती सहा आण्यांचे आम्ही सोळा केले, कोण जाणे.

मधूनमधून आतून एक आवाज येई.

"कापूस किती झाला?" मी.

"सोळा क्विंटल," नानाजी.

"अकरा," आतून.

नानाजी तिकडे न पाहता म्हणत, "अकरा लिहा." काकू कधी बाहेर आल्या नाहीत. आमच्या प्रश्नावलीत 'कुटुंबप्रमुख' असा रकाना होता, आणि कुटुंबप्रमुखाच्या मागच्या भिंतीला रकाना नव्हता.

मग काळ बदलला. 'लोकसहभाग' आला. म्हणजे तो पुस्तकांत आधीच आला होता, आमच्या संस्थेत उशिरा पोचला. आता लोकांना प्रश्न विचारायचे नाहीत, लोकांनीच नकाशा काढायचा. जमिनीवर रांगोळी, दगड, बिया, पानं. गावातली घरं कुठे, विहिरी कुठे, कोणाच्या घरी किती खायला. मूळ कल्पना चांगलीच होती. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही खडू हातात घेता येतो. पण आमची गाडी गावात शिरली तेव्हा नानाजी पारावर रांगोळीचा डबा घेऊनच बसले होते.

"सामाजिक नकाशा काढू का संसाधनाचा?"

आमच्या मॅडमचा चेहरा पडला.

"आधी शिवारफेरी घेता का? ऊन चढाच्या आत करून घ्या. मंग हंगामाचा तक्ता. पोळ्या शेवटी." पोळ्या म्हणजे ती गोल-गोल चित्रं: गावाच्या आयुष्यात कोणती संस्था किती मोठी आणि किती जवळची, हे लहानमोठी वर्तुळं मांडून दाखवायचं. इंग्रजी पुस्तकांतही या चित्राला चपातीची आकृती म्हणतात. नानाजींनी सराईतपणे वर्तुळं मांडली. बँकेची पोळी मोठी, पण लांब. कृषी सहायकाची लहान, त्याहून लांब. कृषी केंद्रवाल्या दुकानदाराची थेट गावाच्या पोळीवर चढलेली. बियाणं तोच देतो, औषध तोच, उधारही तोच, आणि कुठली फवारणी कधी करायची हा सल्लाही तोच. मग त्यांनी एक अगदी बारकी पोळी काढून नाल्यापलीकडे ठेवली.

"ही कोणाची?" मॅडम.

"तुमची," नानाजी म्हणाले.

पुढे काही वर्षांनी खेड्यापाड्यांत 'नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प' आला. त्यातही गावकऱ्यांनी बसून गावाचा आराखडा करायचा होता. गावाने ठरवून टाकलं, की इतक्या वर्षांच्या सेवेची सरकारने दखल घेतली आणि आडनाव तेवढं चुकलं.

मधल्या काळात एका अभ्यास दौऱ्यात नानाजी गडचिरोलीला, धानोरा तालुक्यातल्या मेंढा लेखाला जाऊन आले. शंभरेक घरांचं गोंड गाव. २००९ मध्ये अठराशेच्या वर हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवलेलं. ते सगळं नानाजींनी पाहिलं, पण त्या जंगलातल्या बांबूपेक्षा त्यांना भलतंच आवडलं. मेंढ्यात अभ्यासगट असतो. देवाजी तोफांसारखी गावची माणसं आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखी बाहेरची माणसं त्यात एकत्र बसत. कशाचा अभ्यास करायचा ते बाहेरून ठरून येत नाही. मधमाश्या न मारता मध कसा काढावा, बांबू कसा तोडावा, कायद्यात काय लिहिलंय, हे गावाचे प्रश्न. निर्णय सगळ्यांच्या सहमतीने.

"सोळा आणे," नानाजी मला म्हणाले. "तिथं सहा आण्याचं चालतच नाई. एक बी माणूस नाई म्हटला, तर पुन्हा बसतात."

ही २०१३ ची गोष्ट. मी संस्था सोडून मासिकांत लिहायला लागलो होतो. आपल्यालाही काही माहीत आहे हे दाखवायला मी त्यांना गडचिरोलीचीच दुसरी कथा ऐकवली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने नव्वदच्या दशकात ३९ गावांत गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना तयार केलं. त्या घरोघर जाऊन तान्ह्या बाळाचे श्वास मोजत, वजन घेत, ऊब देत, जंतुसंसर्ग ओळखून औषध देत. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहूनही खाली आले, १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं, आणि पुढे देशभरातल्या आशाताई त्याच वाटेने बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या.

मला वाटलं, ते आकड्यांवर खूश होतील. ते दुसऱ्याच गोष्टीवर अडले.

"मोजणारी बाई गावातलीच?"

"हो."

"मंग बरोबर हाय. चुकीचं मोजलं तर सकाळी हापशीवर तोंड दाखवा लागते. तुमाले कोण्या हापशीवर दाखवा लागते?"

आणि मग त्यांनी वही काढली.

दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. मेंढ्याहून आल्यावर त्यांनी आठवून आठवून सगळे जुने सर्वे तीत उतरवले होते. रेघा काकूंच्या लाटण्याने मारलेल्या. रकाने असे: अनुक्रमांक, साल, कोण आले, कुठून आले, काय विचारलं, चहा, काय देतो म्हणाले, अहवाल आला का. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत आडव्या रेघा. दुरून पाहिलं तर शिडी वाटावी. एकेचाळीस नोंदी. त्यात एकच 'आला' होता.

तो अहवाल त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून दाखवला. गुळगुळीत कागद, इंग्रजी, आणि मुखपृष्ठावर खुद्द नानाजी, कपाळावर हात धरलेले. खाली इंग्रजीत 'हताश शेतकरी' अशा अर्थाचं काहीतरी.

"ऊन लागून राह्यलं होतं," नानाजी म्हणाले. "फोटोवाला सूर्याकडे पाठ करून उभा, म्हणून मी डोळ्यावर हात धरला. हताश कायचा? त्या साली तूर चांगली झाल्ती."

मी हळूच पान मागे उलटलं आणि स्वतःला शोधलं. क्रमांक तेवीस. 'पुण्याचा पोरगा. चष्मा. कर्ज विचारलं. चहा दोन, जेवण एक. भाकर मोडता येत नाही. अहवाल पाठवतो म्हणाला.' पुढे आडवी रेघ. त्या शिडीची एक पायरी माझी होती. मी पुण्याला येऊन जुन्या संस्थेत अहवाल शोधला. सापडला, आणि सोबत त्या तालुक्यावरचे दुसऱ्यांचे दोन-तीन सापडले. रात्री ओळीने वाचायला बसलो, तेव्हा आधी हसू आलं आणि मग ते थांबलं. प्रत्येक अहवालात त्या गावातला शेतकरी पाच एकरवाला होता. त्याला एक बैलजोडी होती, दोन मुलं होती, एक नागपूरला. दोन अहवालांत त्याचा डावा गुडघा दुखत होता. आम्ही सगळ्यांनी मिळून एका गावाचा नव्हे, एका माणसाचा अभ्यास केला होता. आणि त्या माणसाने पुरा गाव आपल्या बाजेवर बसवून ठेवला होता.

उजव्या हाताने मोजत गेलं की नाला लागतो आणि मोजणी संपते. नाल्यापलीकडे कोलाम आदिवासींचा पोड. तीसेक घरं, बहुतेक मजुरीवर जगणारी. तिथे आमच्यापैकी कोणी गेलं नव्हतं. आमच्या मॅडमची पोळी तेवढी गेली होती.

हे मी नानाजींना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "नेटवर्क नाई," आणि फोन ठेवला.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. शेकडो माणसं दवाखान्यांत भरती झाली. काहींना कित्येक दिवस डोळ्यांनी दिसेना. समित्या आल्या, पत्रकार आले, मीही गेलो. यात विनोद करण्यासारखं काही नाही, आणि नानाजींनीही केला नाही. ते फक्त लोकांच्या हातातले फॉर्म मागून वाचत होते. तोंडाला मास्क होता का. हातमोजे होते का. डब्यावरची सूचना वाचली का. सगळ्या प्रश्नांचा रोख एकीकडेच. मेलेल्याचं काय चुकलं?

"पऱ्हाटीची उंची कोणीच इचारत नाई," नानाजी म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. त्यांनी मला वावरात नेलं. त्या साली झाड भलतं वाढलं होतं, मधे शिरलं की माणूस दिसेना. कमरेइतक्या पिकावर फवारा खाली मारतात. डोक्याइतक्या पिकावर नळी वर धरावी लागते, आणि वर मारलेलं औषध कुठे येतं? नानाजींनी मान वर करून डोळे मिटून दाखवलं. आत वारा नाही, दमट उकाडा, मास्क दहा मिनिटं टिकत नाही. आणि पाठीवर पंप कोणाच्या? मालकाच्या नाही, मजुराच्या. सातबारा नसलेल्याच्या. फॉर्मावर मात्र पहिला प्रश्न: 'शेतकऱ्याचे नाव'.

दुसऱ्या दिवशी नानाजींनी वेळूची काठी घेतली. तिच्यावर फुटाफुटाच्या खुणा केल्या, वही काखेत मारली आणि नाला ओलांडला. मी मागोमाग. पुढचं जे झालं ते पाहायला आमची जुनी मॅडम हवी होती.

पहिल्याच घरापुढे एक बाई भांडी घासत होती.

"कायचा सर्वे हाय, नानाजी?"

"गावचाच."

"कोण्या संस्थेचा?"

"कोणाचाच नाई. आपला."

"मंग पैसे कोण देते?"

"कोणीच नाई."

बाईने हात थांबवला. "मंग कायले करून राह्यले?"

पन्नासेक सर्वे पचवलेला माणूस, पण या प्रश्नाला त्याच्याकडे कोड नव्हता. नानाजी काठीकडे पाहत उभे राहिले. तेवढ्यात आतून तिचा मुलगा आला, विशी-बाविशीचा, डोळे अजून लालच. नानाजींनी घसा साफ केला आणि सवयीने तोंडातून गेलं, "जमीन किती?"

"एकरात सांगू का हेक्टरात?" पोरगा म्हणाला. "आमचं दोन्हीत सारखंच येते."

नानाजी खाली बसले. बाज नव्हती, जमिनीवरच. मग तासभर त्यांनी काही विचारलं नाही. तीच माणसं एकेक येऊन सांगायला लागली. दिवसाला किती पंप मारले, कोणाच्या वावरात, दोन औषधं एकत्र कोणी करायला सांगितली, त्याच हातांनी भाकर कुठे खाल्ली. पंपासाठी डोक्यावरून पाणी आणणाऱ्या बायकांना मळमळ किती दिवस होती, हे एकीने सांगितलं. त्यांच्याबद्दल तोवर ना फॉर्मात प्रश्न होता ना नानाजींच्या वहीत. सातवीतली एक मुलगी नानाजींच्या खांद्यावरून वहीत डोकावत होती. "आजी म्हणाली थे तुमी लिवलंच नाई," असं तिने दोनदा पकडलं. निघताना भांडीवाली म्हणाली, "हे नेता, पण परत आणून वाचून दाखवसान काय? का तिकडंच ठेवसान?"

आठवड्याने मी पुण्याला परतलो होतो. फोनवर कळलं, ते गेले होते वाचून दाखवायला. काय झालं विचारलं, तर म्हणाले, "झालं. सोळा आणे नाई. पण झालं." आणि पुन्हा नेटवर्क गेलं.

मागच्या दिवाळीनंतर गेलो, तेव्हा नानाजी कानाने अधू झालेले, बाजेवर झोपलेले. काकू बाहेर बसल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा उजेडात पाहिलं. वही त्यांनीच काढून दिली. शेवटची पानं मी चाळली. अठ्ठावन्नावी नोंद नानाजींच्या हातची होती. कोण आले: मी. कुठून आले: नाल्याच्या अलीकडून. काय विचारलं: पऱ्हाटी, पंप, औषध. चहा: एक, कोरा. काय देतो म्हणाले: वाचून दाखवतो. पुढच्या रकान्यात मात्र अक्षर दुसऱ्याचं होतं, शाळकरी, गोल:

'आला. पऱ्हाटी पाच फूट लिहिली, ती सहा होती. दुरुस्त केलं.'

मी मोबाइल काढून पानाचा फोटो घ्यायला गेलो.

"थांबा," काकू म्हणाल्या. "त्या पोरीले इचारलं काय?"